साडेतीन टक्क्यांची अबकारी

फेब्रुवारी १८९६ मध्ये व्हाइसरॉयच्या कायदे कौन्सिलने कापसाच्या मालावरील करांचा एक आटोपशीर कायदा मंजूर केला. त्यानुसार परदेशातून येणाऱ्या सुती कापडावर साडेतीन टक्के जकात बसली आणि हिंदुस्थानातल्या गिरण्यांत विणल्या जाणाऱ्या कापडावर तेवढीच, साडेतीन टक्के अबकारी. विलायती मालावर कर बसला तर देशी गिरणीला थोडा आडोसा मिळणारच. तो मिळू नये म्हणून देशी मालालाही तोच कर. एका कलमाने दिले आणि दुसऱ्याने काढून घेतले. सरकारी तिजोरीत या अबकारीने फार मोठी भर पडत होती असेही नाही. तरी ती जवळजवळ तीस वर्षे टिकली आणि मुंबई इलाख्यातल्या दोन पिढ्यांच्या राजकारणाला तिने धार लावली.

हे प्रकरण कळायला थोडे मागे जावे लागते. खुल्या व्यापाराचा उपदेश हिंदुस्थानला करणाऱ्या इंग्लंडने स्वतःचा कापडधंदा खुल्या व्यापारावर उभा केलेला नव्हता. १७०० आणि १७२१ साली पार्लमेंटने कायदे करून हिंदी छिटांच्या आणि पुढे एकूणच रंगीत सुती कापडाच्या वापरावर बंदी घातली होती. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीही हिंदी कापडावर तिकडे जबर जकात होती. लँकेशायरचे यंत्रमाग जगात कोणालाही हार जाणार नाहीत अशी खात्री पटल्यावर मात्र मँचेस्टर हे खुल्या व्यापाराचे तीर्थक्षेत्र बनले.

१८५७ च्या उठावाने हिंदुस्थान सरकार कर्जात बुडाले. पैसा उभा करण्यासाठी १८५९ मध्ये कापडासह बहुतेक आयात मालावरची जकात दहा टक्क्यांवर नेली गेली. त्याच वर्षाच्या अखेरीस 'इकॉनॉमिस्ट' साप्ताहिकाचा संस्थापक जेम्स विल्सन अर्थमंत्री म्हणून कलकत्त्याला आला. त्याने सुतावरची जकातही दहा टक्के केली, प्राप्तिकर सुरू केला आणि काही महिन्यांतच तिथेच त्याचा मृत्यू झाला. लँकेशायरच्या ओरडीमुळे १८६२ पर्यंत कापडावरची जकात पाच आणि सुतावरची साडेतीन टक्क्यांवर आली. ती उत्पन्नासाठी होती, धंद्याला संरक्षण म्हणून नव्हती. तेव्हा संरक्षण द्यावे असा धंदाच जेमतेम उभा होता.

तो उभा राहत होता मुंबईत. कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ मध्ये कंपनी काढली आणि दोन वर्षांत ताडदेवला तिची सूतगिरणी सुरू झाली. अमेरिकेतल्या यादवी युद्धाने १८६१ ते १८६५ या काळात कापसाचे भाव आकाशाला भिडवले, मुंबईत पैशाचा पूर आला, शेअरबाजार फुगला आणि फुटलाही. त्या धुळीतून उरलेल्या भांडवलाने गिरण्या उभ्या राहिल्या. १८७५ मध्ये मालकांनी स्वतःची संघटना काढली. १ जानेवारी १८७७ रोजी जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल नागपुरात, कापसाच्या पट्ट्याच्या मध्यभागी, सुरू झाली.

मँचेस्टरच्या चेंबर ऑफ कॉमर्सने १८७४ मध्ये लंडनला अर्ज केला की, पाच टक्क्यांची ही जकात हिंदी गिरण्यांना संरक्षण देते, तेव्हा ती काढावी. इथे सुताच्या नंबराची गोष्ट समजून घेतली पाहिजे, कारण पुढची वीस वर्षे सगळा वाद या नंबराभोवती फिरला. एक पौंड सुतात ८४० वाराच्या किती लड्या निघतात, तो त्या सुताचा नंबर. वीस नंबरी सूत जाडेभरडे, तीस नंबरी मध्यम, साठ नंबरी तलम. वऱ्हाड-खानदेशच्या आखूड धाग्याच्या कापसातून मुंबईच्या गिरण्या बहुतेक वीसच्या आतबाहेरचे सूत काढत. कुणब्याच्या धोतराला, गोणपाटाहून थोड्या बऱ्या चादरीला ते चाले. मँचेस्टरचा मुख्य माल यापेक्षा तलम असे. त्यांचा जो स्वस्त माल मुंबईच्या मालाशी स्पर्धा करी, तो खळ आणि चिनी मातीने जड केलेला असे आणि पुष्कळदा बोटीतच त्याला बुरशी धरे. म्हणजे दोघांची गिऱ्हाइके बव्हंशी वेगळी होती. पण मँचेस्टरला आजच्या धोतरापेक्षा उद्याच्या चात्यांची काळजी अधिक होती.

व्हाइसरॉय लॉर्ड नॉर्थब्रुकने १८७५ मध्ये जकात ठेवलीच. मात्र लांब धाग्याचा कापूस बाहेरून आणून मुंबईने तलम सूत काढू नये म्हणून आयात कापसावर पाच टक्के कर बसवला. तरीही भारतमंत्री लॉर्ड सॉल्झबरीचे समाधान झाले नाही. दोघांचे बिनसले आणि १८७६ मध्ये नॉर्थब्रुकने पद सोडले. त्याच्या जागी लॉर्ड लिटन आला.

याच सुमारास दख्खनमध्ये पाऊस गेला. १८७६ ते १८७८ चा दुष्काळ महाराष्ट्राच्या आठवणीत अजून आहे. सोलापूर, विजापूर, नगर, सातारा या भागांत माणसे दुष्काळी कामांवर खडी फोडत होती. त्या दुष्काळात, ११ जुलै १८७७ रोजी, ब्रिटिश कॉमन्स सभेने ठराव केला की, हिंदुस्थानात येणाऱ्या सुती मालावरची जकात संरक्षक स्वरूपाची असल्याने सरकारी तिजोरीला झेपेल तितक्या लवकर ती रद्द करावी.

पुण्याला आणि मुंबईला हे समजत नव्हते असे नाही. सार्वजनिक सभेचे प्राण असलेले गणेश वासुदेव जोशी, म्हणजे सार्वजनिक काका, १८७२ पासून देशी कापडाचे व्रत पाळत होते आणि १८७७ च्या दिल्ली दरबारालाही खादीच्या पोशाखात गेले. त्याच वर्षी मुंबईत पुढे हायकोर्टाचे न्यायमूर्ती झालेले काशिनाथ त्र्यंबक तेलंग यांनी खुला व्यापार आणि संरक्षण या विषयावर हिंदी दृष्टीने व्याख्यान दिले. वय तिशीच्याही आत. नवजात धंद्याला काही काळ आधार द्यावा लागतो आणि इंग्रज अर्थशास्त्रज्ञांनाही हे मान्य आहे, असे त्यांचे म्हणणे. न्यायमूर्ती रानड्यांनी हाच धागा १८९२ मध्ये डेक्कन कॉलेजातल्या व्याख्यानात पुढे नेला. अर्थशास्त्राचे नियम देशकालपरिस्थितीला धरून असतात, इंग्लंडला मानवलेले औषध जर्मनीला वा हिंदुस्थानला मानवेलच असे नाही, हा त्यांच्या मांडणीचा गाभा होता. मराठीत अर्थकारणावर गंभीर लिहिण्याची जी परंपरा पुढे आली, तिचे बरेच देणे या कापडाच्या भांडणाकडे जाते असे मला वाटते.

मार्च १८७९ मध्ये लिटनने तीस नंबरापेक्षा तलम सूत नसलेल्या विलायती कापडावरची जकात काढून टाकली. अफगाण युद्ध चालू होते, तिजोरी रिकामी होती, दुष्काळाच्या नावाने बसवलेले नवे कर लोक भरत होते आणि तरी सुमारे दोन लाख पौंडांच्या उत्पन्नावर पाणी सोडले गेले. त्याच्या स्वतःच्या कौन्सिलचे बहुमत विरुद्ध होते. व्हाइसरॉयला दिलेला खास अधिकार वापरून त्याने बहुमत बाजूला सारले. कौन्सिलातले हे सभासद काही हिंदी पुढारी नव्हते, सगळे इंग्रज अंमलदार होते. हिशेबाची वही उघडी असताना असला निर्णय कोणत्या आधारावर घ्यायचा, हा त्यांचा प्रश्न होता.

मग व्यापारी जे करतात ते मँचेस्टरने केले. तीस नंबरच्या आत बसेल असे कापड विणून ते बिनजकाती आणायला सुरुवात केली. सीमारेषेच्या दोन्ही बाजूंना जवळपास सारखाच माल, एकाला कर आणि एकाला माफी. ही विसंगती मिटवायची म्हणून मार्च १८८२ मध्ये लॉर्ड रिपनच्या कारकिर्दीत अर्थमंत्री एव्हलिन बेअरिंगने मीठ, दारू अशा मोजक्या वस्तू सोडून जवळजवळ सगळी आयात जकातच रद्द केली. पुढची बारा वर्षे मुंबई बंदर हे जगातल्या अत्यंत खुल्या बंदरांपैकी एक होते.

या बारा वर्षांत मुंबईच्या गिरण्या मेल्या नाहीत. उलट वाढल्या. आपल्याकडे हा इतिहास सांगताना हे कबूल केले जात नाही. परळ, लालबाग, भायखळा, चिंचपोकळी इथे धुराडी उभी राहत गेली, रत्नागिरी आणि साताऱ्याहून माणसे येत राहिली. त्यांचा मोठा धंदा कापडाचा नव्हताच; चीनला सूत पाठवण्याचा होता. तिथे त्यांनी लँकेशायरच्या जाड सुताला मागे रेटले. मँचेस्टरच्या पोटात दुखले ते याने अधिक.

म्हणून दुसरी बाजूही मँचेस्टरने लावून धरली होती, ती कामगारांच्या कळवळ्याची. हिंदुस्थानात फॅक्टरी कायदा नाही, लहान मुलांना राबवतात, हे अन्याय्य आहे, असे तिकडचे लोक सांगू लागले. १८८१ आणि १८९१ चे फॅक्टरी कायदे या दबावाशिवाय झाले नसते. मालकांनी त्यांना विरोध केला आणि राष्ट्रीय वृत्तीच्या बऱ्याच पत्रांनी मालकांचीच री ओढली. परंतु सात वर्षांचे पोर गिरणीत राबत होते ही गोष्ट खरीच होती. १८८१ चा कायदा सात वर्षांखालील मुलांना मनाई करतो, यावरूनच पूर्वी काय चालले असेल ते कळते. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये गिरणी कामगारांच्या सभा घेऊन रविवारची सुट्टी, दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती, वेळेवर पगार अशा मागण्या मांडल्या, त्या मँचेस्टरसाठी नव्हे. मँचेस्टरचा हेतू स्वार्थी आणि मागणी रास्त, दोन्ही एकाच वेळी खरे होते. लोखंड्यांना ते दिसले, बाकीच्या बहुतेकांना दिसले नाही.

जकात परत आली ती चांदीमुळे. १८७३ नंतर जगभर चांदीचे भाव पडत गेले आणि चांदीचा रुपया त्यांच्याबरोबर घसरला. १८७० च्या आसपास रुपयाला जवळजवळ २४ पेन्स मिळत; १८९४-९५ मध्ये ते १३ पेन्सच्या आसपास आले. लंडनला पेन्शन, व्याज, लष्करी खर्च म्हणून दरवर्षी जी रक्कम पौंडांत पाठवावी लागे, ती रुपयांत फुगत चालली. १८९३ मध्ये टांकसाळी चांदीला बंद केल्या तरी तूट भरेना. अखेर मार्च १८९४ मध्ये जवळजवळ सर्व आयात मालावर पाच टक्के जकात बसली. पण सर्वांत मोठा माल वगळला होता. सुती कापड आणि सूत.

सर्वांत मोठी आयात मोकळी आणि बाकी सगळ्यांवर कर, याला इथल्या गोऱ्या व्यापाऱ्यांनीही नावे ठेवली. तेव्हा लंडनमधून भारतमंत्री हेन्री फाउलरने सवलत दिली, पण अट घालून. डिसेंबर १८९४ मध्ये विलायती सूत-कापडावर पाच टक्के जकात आली आणि त्याच दिवशी हिंदी गिरण्यांच्या वीस नंबरवरच्या सुतावर पाच टक्के अबकारी आली. वीसच्या खाली स्पर्धाच नाही, तेव्हा तिथे कर नको, असा हा हिशेब.

लँकेशायरला तोही पटला नाही. जाड आणि तलम कापड एकमेकांची जागा घेतात, गिऱ्हाईक महागाईत जाडाकडे वळते, असा त्यांचा मुद्दा होता. फेब्रुवारी १८९५ मध्ये कॉमन्स सभेत सर हेन्री जेम्सने सरकारवर ठपका ठेवणारा प्रस्ताव आणला. फाउलरने उत्तर दिले की, या सभागृहातला प्रत्येक सभासद हा हिंदुस्थानचाही प्रतिनिधी आहे. भाषण गाजले, प्रस्ताव मोठ्या मताधिक्याने पडला. पाच महिन्यांनी निवडणूक झाली, लिबरल पक्ष हरला आणि लँकेशायरच्या मतांना जपणारा पक्ष सत्तेवर आला. सॉल्झबरी आता पंतप्रधान होता, लॉर्ड जॉर्ज हॅमिल्टन भारतमंत्री.

त्यातून फेब्रुवारी १८९६ चा तो कायदा निघाला. सूत दोन्हीकडचे करमुक्त. कापडावर दोन्हीकडे साडेतीन टक्के. हातमागाला माफी. गिरणीने दरमहा किती कापड विणले याचा तपशील सरकारला द्यायचा आणि त्याप्रमाणे कर भरायचा.

कोणाच्या खिशातून गेले ते पाहा. तलम विलायती कापडावरचा कर पाचवरून साडेतीनवर आला. ते नेसणारा वर्ग बरा होता. जाड देशी कापडावर तोवर कर नव्हता. तो साडेतीन टक्क्यांनी बसला. मँचेस्टर जे धोतर विणतच नव्हते, त्या धोतरावर मँचेस्टरच्या समाधानासाठी कुणब्याने कर भरायचा. रमेशचंद्र दत्तांनी पुढे या अन्यायाला सुधारलेल्या जगात तोड नाही असे म्हटले, ते रागाच्या भरात नव्हे. एवढे मात्र सांगितले पाहिजे की सोलापूर, मालेगावच्या हातमागवाल्यांचे या कायद्याने नुकसान झाले नाही. त्यांना सूत स्वस्त मिळाले आणि गिरणीच्या कापडावर कर बसल्याने त्यांचा थोडा फायदाच झाला.

'केसरी'ने आणि टिळकांनी विलायती कापडावरच्या बहिष्काराचा पुरस्कार केला. पुण्यात आणि इतर गावांत विद्यार्थ्यांनी विलायती कापडाच्या होळ्या केल्या. बंगालच्या स्वदेशी चळवळीला अजून नऊ वर्षे अवकाश होता. ही लाट फार टिकली नाही. त्याच वर्षी पाऊस पुन्हा गेला आणि पावसाळ्यानंतर मुंबईत प्लेग आला. गिरण्या ओस पडल्या, माणसे कोकणात पळाली आणि १८९७ मध्ये टिळक राजद्रोहाच्या खटल्यात तुरुंगात गेले.

यानंतरची वीस वर्षे अर्जविनंत्यांची. गोखल्यांनी १९०२ पासून अर्थसंकल्पावरच्या भाषणांत अबकारी रद्द करण्याची मागणी केली. १९११ मध्ये नागपूरच्या माणेकजी दादाभॉय यांनी कौन्सिलात तसा ठराव आणला. सरकारी बहुमताने तो पाडला. दरम्यान, बंगालमधून उठलेल्या स्वदेशीच्या दिवसांत गिरण्यांची चांदी झाली. टिळकांनी धोतरे माफक भावात द्या असे मालकांना विनवले, पण भाव चढले ते चढलेच. देशप्रेमावर चाललेली खरेदी मालकांनी नफ्याच्या खात्यात लिहिली.

भिंतीला पहिली भेग पडली ती महायुद्धात. १९१७ मध्ये हिंदुस्थान सरकारने युद्धखर्चासाठी १० कोटी पौंडांची 'देणगी' ब्रिटनला दिली. तिच्या व्याजासाठी पैसा हवा, म्हणून विलायती कापडावरची जकात साडेसात टक्के करण्यास लंडनने संमती दिली. अबकारी मात्र साडेतीनवरच राहिली. म्हणजे चार टक्क्यांचे संरक्षण मिळाले. लँकेशायरचे शिष्टमंडळ भारतमंत्री ऑस्टिन चेंबरलेनकडे धावले, पण या वेळी तो बधला नाही. ज्यांची फौज आपल्यासाठी मेसोपोटेमियात मरते आहे त्यांना १८९६ च्या भाषेत बोलता येत नव्हते. १९२१ मध्ये जकात अकरा टक्के झाली. त्याच वर्षी इब्राहिम रहिमतुल्लांच्या अध्यक्षतेखाली हिंदी अर्थनीतीसाठी आयोग नेमला गेला आणि १९२३ मध्ये टॅरिफ बोर्ड आले. जकातीचे धोरण दिल्लीत ठरावे हे तत्त्व निदान कागदावर मान्य झाले.

आणि तरीही अबकारी चालूच. आता ती लँकेशायरसाठी नव्हे तर उत्पन्नासाठी. वर्षाला दोन कोटी रुपयांच्या आसपास मिळत होते, ते सोडायला कोण तयार होणार? युद्धकाळात गिरण्यांनी अफाट नफा कमावल्याने मालकांच्या रडगाण्यावर कोणाचा विश्वासही बसेना.

१९२२ नंतर तेजी ओसरली, जपानी कापड स्वस्तात येऊ लागले. मुंबईच्या मालकांनी जाहीर केले की १ सप्टेंबर १९२५ पासून मजुरी साडेअकरा टक्क्यांनी कमी होईल. सरकारने अबकारी काढली तर कपात मागे घेऊ, असेही सांगितले. मालक आणि सरकार यांच्या भांडणात कामगाराचा पगार ओलीस ठेवला गेला, याला दुसरा शब्द नाही.

सप्टेंबरच्या मध्याला गिरण्या बंद पडू लागल्या आणि ऑक्टोबरच्या आरंभी गिरणगाव पूर्ण थंडावले. सुमारे दीड लाख कामगार बाहेर होते. त्यांच्यामागे भरभक्कम युनियन नव्हती, संपफंड नव्हता. हजारो लोक बोटीने आणि पायी कोकणात, घाटावर गावी गेले. भातकापणीचे दिवस होते, गावी दोन घास मिळत. गावाकडची ही तुटपुंजी जमीन हाच गिरणी कामगाराचा संपफंड होता. मुंबईत राहिलेल्यांनी वाण्याची उधारी आणि पठाणाचे व्याज यांवर दिवस काढले. कामगार पुढारी ना. म. जोशी सरकारदरबारी आणि विधिमंडळात त्यांची बाजू मांडत होते. दिवाळी गेली, नोव्हेंबर संपत आला.

अखेर व्हाइसरॉय लॉर्ड रीडिंगने वटहुकूम काढून डिसेंबर १९२५ पासून अबकारीची वसुली थांबवली. मालकांनी कपात मागे घेतली, भोंगे पुन्हा वाजू लागले. पुढच्या वर्षी अबकारी कायद्याने रद्द झाली. तेलंगांचे व्याख्यान, रानड्यांचे निबंध, गोखल्यांची भाषणे, दादाभॉयांचा ठराव यांनी वातावरण तयार केले हे खरेच. पण कर प्रत्यक्षात उठला तो अडीच-तीन महिने उपाशी राहिलेल्या माणसांमुळे, आणि आमच्या अर्थकारणाच्या इतिहासात त्यांचे नाव या संदर्भात क्वचितच निघते. जानेवारी १९२६ मध्ये ना. म. जोशींच्या अध्यक्षतेखाली बॉम्बे टेक्स्टाइल लेबर युनियन स्थापन झाली, ती या संपाची प्रत्यक्ष कमाई. मजुरीवरचे संकट मात्र टळले नव्हते. १९२८ मध्ये याहून मोठा संप करावा लागला.

पुढे जकातीच्या भिंती झपाट्याने उंच होत गेल्या. १९३० मध्ये ब्रिटिश कापडावर पंधरा आणि इतर देशांच्या कापडावर वीस टक्के कर आला. १९३३ मध्ये जपानी मालावर तो पंचाहत्तर टक्क्यांपर्यंत गेला. त्यावर जपानने हिंदी कापूस घेणे थांबवले. वऱ्हाड-खानदेशच्या कापसाचे मोठे गिऱ्हाईक जपानच असल्याने शेतकऱ्याचे भाव कोसळण्याची भीती उभी राहिली आणि १९३४ च्या आरंभी दिल्लीत दोन्ही सरकारांना तडजोड करावी लागली. संरक्षणाचीही किंमत कोणीतरी भरतो, आणि बहुतेक वेळा तो गिरणीमालक नसतो.

त्याआधी, १९३३ च्या शरद ऋतूत, सर विल्यम क्लेअर लीस यांच्या नेतृत्वाखाली लँकेशायरचे शिष्टमंडळ वाटाघाटींसाठी स्वतः मुंबईत आले. मुंबई गिरणीमालक संघाच्या वतीने होमी मोदी यांनी ऑक्टोबरमध्ये त्यांच्याशी करार केला आणि ब्रिटिश मालाला काही सवलती मान्य केल्या. अहमदाबादच्या मालकांनी त्यात भाग घेतला नाही. राष्ट्रीय पत्रांनी मोदींना धारेवर धरले, ते योग्यच होते. १८९६ चा कर लँकेशायरने लादला होता. १९३३ च्या सवलती मुंबईच्या मालकांनी आपण होऊन दिल्या.